माझा म्हणाली होती

कानावर हेडफोन चढवला की माणसं मोठ्यानं बोलायला लागतात. स्वतःचा आवाज स्वतःलाच पुरेसा ऐकू येत नाही, म्हणून. एकोणीस वर्षं रुग्णालयात लोकांचे कान तपासून तिला याची इतकी सवय झाली होती, की त्या जाड दाराच्या बुटक्या खोलीतून पेशंट काचेपलीकडे ओरडला तरी ती आलेखाच्या कागदावरून मान वर करत नसे. पण त्या सकाळी आत लांबी बसली होती. लांबी म्हणजे तिच्या जुन्या फुटबॉल संघातली फुलबॅक, गोलापुढे बचावाला असायची ती. सहा फुटाला दोन बोटं कमी, अजूनही कुठल्याही दारातून येताना सवयीनं मान वाकवणारी. डाव्या कानात महिनाभर शिट्टी वाजतेय, म्हणून लांबीनं फोन केला होता आणि तिनं रांगेत न बसवता पहिलाच नंबर लावून दिला होता. एका संघातली माणसं, एवढं तर करायचंच. शिट्ट्यांची तपासणी झाली, शब्दांची सुरू झाली. ओठ दिसू नयेत म्हणून तिनं तोंडापुढे पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये म्हणाली, "सात." लांबी म्हणाली, "हात." "साप." "हाप? हाप काय असतं गं?" आणि मग लांबी मोठ्यानं हसली. "चुकलं ना? बघ, केलेलं फिरून येतं म्हणतात ते असं. तुझे धडधाकट कान आम्ही बहिरे ठरवले, आता माझाच एक गेला."

तीही हसली. ही थट्टा जुनीच होती. दर वर्षी सगळ्या एकदा भेटत, तेव्हा कुणीतरी ती काढायचंच. "कधी ठरवलेत बहिरे?" तिनं सहज विचारलं.

"अगं, तेव्हाच. फायनलला. मी 'माझा' म्हणाले होते ना!" आतला आवाज मोठा, मोकळा, जराही न अडखळणारा. "कप्ताननं तुला सगळं सांगितलं, हे तिच्याकडून ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी तर तुला कधीच सांगणार होते, पण ती म्हणायची, मी सांगते, मी सांगते. चोवीस वर्षं काढली तिनं. तू मोठ्या मनाची गं. मी असते तर झिंज्या उपटल्या असत्या आमच्या."

कप्ताननं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिच्या हातातला पुठ्ठा तोंडापुढे होता तसाच राहिला, आणि त्याच्यामागे तोंड कसं झालं असेल, ते लांबीला दिसलं नाही. यादीत अजून अकरा शब्द उरले होते. तिनं ते सगळे म्हटले. लांबीनं सात बरोबर सांगितले, चार चुकले. तिनं आलेखावर निळ्या पेनानं फुल्या मारल्या, त्या रेषेनं जोडल्या, खाली सही केली. दार उघडून लांबी बाहेर आली तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, की डाव्या कानाला वरचे सूर कमी येतायत, डॉक्टरांना हा कागद दाखव, घाबरण्यासारखं नाही. मग विचारलं, "बाईंना क्लबातून घालवायला केलंत?" लांबीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या एवढ्या मोठ्या देहातली हवाच गेली. "म्हणजे तिनं नाही सांगितलं तुला," ती हळू आवाजात म्हणाली.

लांबीला लांबी, तसं संघात तिला स्वतःला डिंक म्हणत. हातात आलेला बॉल सुटत नसे, म्हणून. नाव बाईंनीच ठेवलेलं. बाई म्हणजे त्यांच्या प्रशिक्षक. खांदे रुंद, शिट्टी कायम मुठीत, गळ्यात कधी नाही. एकोणिसाव्या वर्षी ती क्लबच्या मैदानावर आली तेव्हा तिला पळणंसुद्धा धड येत नव्हतं. बाईंनी तिला गोलात उभं केलं आणि बोलायला शिकवलं. "गोलकीपरनं तोंडाला कुलूप लावलं की संघ आंधळा होतो. ओरड. कोण कुठंय ते सांग." घरात चार भावंडांत सगळ्यात गप्प म्हणून जिची ख्याती, ती मुलगी दोन महिन्यांत मैदान डोक्यावर घेऊ लागली. आणि बाईंनी दुसरी गोष्ट शिकवली, ती ऐकण्याची. पुढची खेळाडू 'माझा' म्हणाली की आपण थांबायचं. बॉल कितीही जवळ असो, शंका घ्यायची नाही. शंका घेतली की दोघी एकमेकींवर आपटतात. ज्यांच्या शब्दावर डोळे मिटून थांबता येतं अशा दहा जणी आपल्याला मिळाल्या, याचं तिला तेव्हा फार अप्रूप वाटायचं. घरी असा शब्द कुणाचाच नव्हता. बाप आज हो म्हणायचा, उद्या नाही.

त्या फायनलला शेवटची चार मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी. समोरून एक लांब, आळशी बॉल आला, दोन टप्पे घेत. ती पुढे झाली. तिच्यापुढे दहा पावलांवर लांबी होती, आणि आवाज आला, माझा! ती थांबली, दोन पावलं मागे रेषेवर गेली. लांबीनं पाय उचलला आणि बॉल त्या पायाखालून निघून गेला. मागून समोरच्या संघातली एक चिमुरडी पोरगी धावत आली. तिनं बॉलला नुसता पाय लावला. तो जाळीत जाताना आवाजसुद्धा झाला नाही. मग लांबी गवतावर बसून रडू लागली, "मी 'तुझा' म्हणाले होते गं, तुझा म्हणाले होते." कप्तान धावत आली आणि तिनं डिंकला मिठीत घेतलं. "होतं असं. गलक्यात होतं. तुझी एकटीची चूक नाही, आपण सगळ्या हरलो." एकेक करून दहाही जणी आल्या. त्या घामट, मातकट मिठ्यांत उभं असताना तिला वाटलं, आपल्याकडून एवढं झालं आणि ह्या आपल्याला सोडत नाहीत. तिच्या बापानं चहाच्या एका फुटलेल्या कपासाठी आठ दिवस अबोला धरला होता.

तेव्हापासून ती त्या एका क्षणावर जगत आली होती, हे तिचं तिलाही पूर्ण माहीत नव्हतं. त्या हरण्यानं बाईंची नोकरी गेली, आणि दोन आठवड्यांनी ती याच रुग्णालयात कान दाखवायला आली होती. तपासणाऱ्या म्हाताऱ्यानं आलेख तिच्यापुढे धरून म्हटलं होतं, "पोरी, असे कान मी दहा वर्षांत पाहिले नाहीत. टाचणी पडली तर कुठल्या बाजूला डोकं करून पडली तेही सांगशील." त्यानं तिचं समाधान झालं नाही, उलट ती आणखी घाबरली. कान ठीक असतील तर चूक त्यांच्याही आत कुठंतरी असणार. ती पुन्हा पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे जात राहिली, यंत्र बघत राहिली, आणि शेवटी तेच काम शिकली. दुकानात भाव दोनदा विचारायची तिला सवय लागली. नवरा पाहुण्यांत हसून सांगायचा, "हिला सगळं दोनदा सांगावं लागतं आणि हीच गावाचे कान तपासते." कामावर कुणाशी वाद झाला, की समोरचा म्हणायचा, मी असं बोललोच नाही, आणि ती लगेच माघार घ्यायची. आपलं ऐकणं आणि दुसऱ्याचं म्हणणं यांत दुसऱ्याचं खरं, हा तिच्या आयुष्याचा कायदाच झाला होता. आणि त्या कायद्याला ती विनय समजत होती. खेळानं दिलेला.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर मुलीच्या शाळेचा कागद पडला होता. मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या हँडबॉल संघात. मागच्याच आठवड्यात तिच्या हातून बॉल निसटला, संघ हरला, आणि ती संघ सोडते म्हणून हटून बसली होती. तेव्हा आईनं तिला तासभर समजावलं होतं. शाळेच्या वार्षिक अंकासाठी पालकांकडून 'सांघिक खेळाचे फायदे' यावर अर्धं पान मागवलं होतं, तेही आईनंच हौसेनं लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात. आता तिनं ते उभ्याउभ्या वाचलं. खेळानं शरीर घडतं, ते दुय्यम. एकटं माणूस आपली चूक पेलू शकत नाही, संघ ती वाटून घेतो. हरण्याचे अकरा भाग झाले की प्रत्येकीच्या वाट्याला सोसण्याइतकंच येतं. वाक्यं वाईट नव्हती. खोटीही नव्हती, असं तिला अजूनही वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. दहा जणींनी जे वाटून घेतलं, ते हरणं नव्हतंच. त्यांनी एक गुपित वाटून घेतलं होतं, आणि ते खरोखर सोसण्याइतकं हलकं झालं होतं. दहा जणी चोवीस वर्षं एका शब्दानं फुटल्या नाहीत. केवढा पक्का संघ! फक्त ती त्या संघात नव्हती.

नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो भाजी चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाईटच केलं त्यांनी. पण जाऊ दे आता. पोरी होत्या. खेळ तर होता." मुलगी म्हणाली, "म्हणजे तुझी चूक नव्हतीच? मग चांगलंच झालं ना, आई!" ती "हो, चांगलं झालं," म्हणाली. पण चूक नव्हती, तर मग माफी कसली होती? तिची आई आजारी पडली तेव्हा ह्या दहा जणींनी पाळ्या लावून रुग्णालयात दिवस काढले होते. लांबीनं तर तीन दिवस रजा टाकली होती. बाळंतपणानंतर ती खचली होती तेव्हा कप्तान रोज दुपारी येऊन मुलीला खांद्यावर घेऊन फिरवायची. ते प्रेम होतं, की भरपाई? आणि भरपाई असेल, तर ती कुणी मागितली होती? तिनं एकेक आठवण हातात घेऊन उजेडात धरून पाहिली. प्रत्येकीवर तोच ओरखडा दिसायचा, आणि तो आधीपासून होता की आत्ता आपल्याच नखानं पडला, ते कळायचं नाही. सगळ्यात जास्त लागली ती वार्षिक भेटीतली थट्टा. चमच्यानं कप वाजवून कुणीतरी विचारायचं, "काय गं डिंक, तुझा की माझा?" आणि अकरा जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानचा फोन आला. लांबीनं सांगितलं असणार. "त्या लांबीला काही पोच नाही," कप्तान म्हणाली. "मी सांगणारच होते."

"का केलंत?"

"बाई मला संघाबाहेर बसवणार होत्या. गुडघा दुखतो म्हणून. पुढचा अख्खा हंगाम. कमिटीनं सांगितलं होतं, कप आणला तर बाई कायम, नाही तर जुने सर परत. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. आपण केवढ्याशा होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बाईंची होतीस. सांगितलं असतं तर तू तो बॉल धरला असतास."

हे खरं होतं. पलीकडे कप्तानचा श्वास ऐकू येत होता. जिना चढत असावी. गुडघा हट्टानं दोन वर्षं दामटला आणि कायमचा गेला. ती आता जिना आडवी होऊन, कठड्याला धरून चढते. "तुला त्रास होऊ नये म्हणूनच पुढे नाही बोललो," कप्तान म्हणाली. "तू सावरली होतीस. कशाला खपली काढायची?"

"मग दर वर्षी हसायचात कशाला त्यावर?"

पलीकडचं चढणं थांबलं. मग कप्तान म्हणाली, "तू हसायचीस, म्हणून आम्ही हसायचो."

तिनं फोन ठेवला. बाहेर बाकावर पाच पेशंट थांबले होते, त्यांतल्या पहिल्याला तिनं आत बोलावलं.

रविवारी सकाळी तिनं दोन बस बदलल्या आणि बाईंचं घर शोधून काढलं. पत्ता तिच्याकडे चोवीस वर्षं होता, एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर. ती कधी गेली नव्हती. आपल्या कानापायी जिची नोकरी गेली, तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? रस्त्यात एकदा बाई समोरून येताना दिसल्या होत्या, तेव्हा ती औषधाच्या दुकानात शिरली होती आणि नको असलेलं मलम घेऊन बाहेर पडली होती. बसमध्ये तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं. ती सांगेल, बाईंना धक्का बसेल, आणि मग बाई म्हणतील, म्हणजे तुझी चूक नव्हती तर. बाईंच्या तोंडून ते एक वाक्य ऐकलं की पुरे.

दार बाईंनीच उघडलं. खांदे आता उतरले होते, केस पांढरे, हातात वाळलेल्या उशीच्या खोळी. त्यांना ओळखायला क्षणभरही लागला नाही. "डिंक ना तू? ये. चहा कोरा मिळेल, दूध संपलंय." खोली लहान होती, नेटकी, भिंतीवर एकही फोटो नव्हता, ना संघाचा, ना कशाचा. तिनं खुर्चीच्या कडेवर बसून एका दमात सगळं सांगितलं. बाई खोळींच्या घड्या घालत ऐकत होत्या.

"हे सांगायला आलीस?"

"हो, बाई."

"मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी मैदानाच्या कडेला उभी होते. लांबीचा घसा म्हणजे काय, रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. 'माझा' म्हणाली ती. स्वच्छ."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. तुला विचारलं. कपडे बदलायच्या खोलीत. आठवतंय?"

आठवत होतं. सगळ्या बाकांवर बसल्या होत्या, बुटांचे बंद सुटलेले, आणि बाई दारात येऊन फक्त तिलाच म्हणाल्या होत्या, "तुला काय ऐकू आलं?" तिच्या खांद्यावर तेव्हा कप्तानचा हात होता. तिला ऐकू आलेलं तिच्या जिभेवर आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. पण ती बोलली तर लांबी खोटी पडली असती, आणि आत्ताच तर सगळ्यांनी तिला जवळ घेतलं होतं. ती म्हणाली होती, "मला नीट ऐकू आलं नाही, बाई." बाईंनी एकदा मान हलवली होती आणि त्या निघून गेल्या होत्या.

"कमिटीपुढे मी सांगणार होते, गोलकीपरला विचारा," बाई म्हणाल्या. "ती खोटं बोलायची नाही. तेवढ्यात तू बोललीस. मी म्हटलं, संपलं. ही पण त्यांच्यातली."

"मी नव्हते, बाई! मला खरंच वाटलं माझंच चुकलं. त्या सगळ्या म्हणत होत्या—"

"हो. सगळ्या म्हणत होत्या." बाईंनी खोळी कपाटात ठेवल्या. "त्या दहा जणींवर मी वर्षभर रागावले असेन. पोरी आडदांड होत्या, मीही त्यांना पिळून काढत होते. पुढे शाळेत कारकुनी धरली, हजेऱ्या लिहिल्या, विसरले त्यांना. तुझ्यावरचा राग मात्र गेला नाही. तू आली नाहीस, निरोप नाही, रस्त्यात दिसलीस तर दुकानात शिरलीस. म्हटलं, लाज तरी आहे पोरीला. म्हणजे खातरीच झाली माझी." त्या वळून तिच्याकडे बघत राहिल्या, त्या बघण्यात माया नव्हती, कोडं होतं. "चोवीस वर्षं सांभाळलाय गं तो. आता कुठं ठेवू मी?"

तिनं आणलेलं वाक्य बाईंच्या तोंडून येणार नव्हतं, हे तिला कळलं. दहा जणींनी तिला फसवलं, हे खरंच. पण त्या खोलीत ओठांवर आलेलं गिळलं ते तिनं स्वतः. कुणाच्या सांगण्यावरून नाही, मिठीतून बाहेर पडायच्या भीतीनं. बाईंना शेवटचं एकटं पाडलं ते त्या मिठीनं. हे बोलायची गरज नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावरून ते तिथं आधीच पोचलेलं दिसत होतं.

बाईंनी दोन कप भरले, एक तिच्यापुढे सरकवला आणि समोर बसल्या. "सांग. त्या बॉलपासून नको. त्या दिवशी सकाळपासून सांग. कोण काय करत होती. मी खोलीबाहेर होते, आतलं मला काहीच दिसलं नाही."

तिनं सांगायला सुरुवात केली. सकाळी सगळ्या लवकर आल्या होत्या. लांबी नेहमीसारखी गात नव्हती. कुणी थट्टा केली नाही. तिला वाटलं होतं, फायनल आहे, दडपण असेल. मैदानात उतरायच्या आधी कप्तान तिच्यापाशी आली, तिच्यापुढे गुडघा टेकून बसली आणि तिच्या हातमोज्यांचे पट्टे एकेक करून तिनं स्वतः आवळून दिले. मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून थोडा वेळ तशीच बसून राहिली. वर पाहिलं नाही. माझ्यावर किती जीव आहे हिचा, असं तेव्हा तिला वाटलं होतं. चोवीस वर्षांत तिनं ही आठवण कुणालाच सांगितली नव्हती, वापरून झिजेल म्हणून.

"आधी कधी आवळून दिले होते तिनं?" बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

बाईंनी कप खाली ठेवला. "पुढं?"